अकरा मुलं, एक तळं

६ जानेवारी

प्रिय भाची,
अनेक आशीर्वाद.

तुझी लेक मुंगी सुखरूप आहे, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील. खोकला गेला. भूगोलाची वही हरवली होती, ती फ्रिजच्या मागे सापडली. तिथे कशी गेली, हे मुंगीला सांगता येत नाही आणि मला तर्क करवत नाही. तू ठेवून गेलेला स्वेटर तिला बाह्यांत आखूड होतोय. दोन वर्षांच्या नोकरीसाठी तू लांब गेलीस त्याला आता सात महिने झाले, तेवढ्यात पोरगी चार बोटं वाढली.

आता माझी बातमी. धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या सिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि फादरांनी मला रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारातच गाठलं. म्हणाले, "मास्तर, दृढीकरणाची अकरा मुलं आहेत. बिशप तीन वर्षांतून एकदा येतात, ते मे महिन्यात येणार. तेवढी तयारी करून घ्या." मी म्हटलं, फादर, चाळीस वर्षं मी भाषा शिकवली, धर्म नाही. तर म्हणतात कसे, "चालेल. निदान मुलांना वाक्य तरी पूर्ण करता येईल."

वर्ग चर्चमागच्या हॉलमध्ये भरतो. बाकं नाहीत. टेबलटेनिसच्या टेबलाभोवती गायनवृंदाच्या खुर्च्या मांडायच्या. जाळी काढून ठेवली तरी टेबलाच्या मध्यावर पांढरी रेघ राहतेच, त्यामुळे पहिल्याच दिवशी मुलांचे दोन संघ पडले. अकरा जणांत एक मुंगी. एकाला सगळे वकील म्हणतात, कारण तो प्रत्येक वाक्याला हरकत घेतो. एक गोलकीपर आहे, तो सतत घड्याळाकडे बघतो.

मी सुरुवात केली ती लहानपणी पाठ केलेल्या पहाटेच्या एका कवितेनं. तू हसशील. पण ती कविता म्हणताना आमच्या वर्गात खिडकीतून यायचं ते ऊन मला अजून हातावर जाणवतं. म्हणून झाल्यावर मी डोळे उघडले. वकिलानं विचारलं, "सर, हे बिशप विचारणार आहेत का?"

मग मी साध्या भाषेत सांगितलं. बाप्तिस्मा झाला तेव्हा तुम्ही तान्हे होतात, तुमच्या वतीनं आईबापांनी 'हो' म्हटलं. आता तुम्ही मोठे झालात, आता ते तुम्ही तुमच्या तोंडानं म्हणायचं. दृढीकरण म्हणजे एवढंच. दोघातिघांनी ते वहीत उतरवून घेतलं. हे त्यांना कुणी असं सांगितलेलं नव्हतं बहुतेक.

काळजी घे. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझा मामा

•

१७ जानेवारी

मामा,
नमस्कार.

पत्र मिळालं. स्वेटर धाकट्या कुणाला तरी देऊन टाका, मी नवा पाठवते.

माझी पत्रं छोटी असतात म्हणून तुम्ही रागावता, तर आज थोडं जास्त लिहिते. इथे माझं काम म्हणजे लोकांचे कान तपासायचे. आवाज आत न येणारी एक खोली आहे, कपाटाएवढी. माणसाला आत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, हातात बटण द्यायचं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबा, एवढंच सांगायचं. मी काचेच्या अलीकडे असते. मामा, अर्धे लोक ऐकू न येताच बटण दाबतात. काचेतून माझा चेहरा दिसतो, मी वाट बघतेय असं त्यांना वाटतं, मला बरं वाटावं म्हणून दाबतात. काल एका आजींनी तर मी यंत्र सुरू करायच्या आधीच तीनदा दाबलं. मग कानात चुकीचं यंत्र बसतं आणि त्रास त्यांनाच होतो.

मुंगीबद्दल माझी एवढीच अट आहे. तिला 'हो' म्हणायचं असेल तर म्हणू दे. मला वाईट वाटेल म्हणून नको, तुम्हाला वाटेल म्हणून तर मुळीच नको. तिचे बाबा गेल्यापासून ती प्रार्थनेला उभी राहते पण ओठ हलत नाहीत. तुम्ही पाहिलं असेल.

तुमची भाची

•

११ फेब्रुवारी

प्रिय भाची,
अनेक आशीर्वाद.

तुझी अट मंजूर. ओठांचं म्हणशील, तर मी पाहिलं आहे. विचारलं नाही. या वयात विचारलं की दार आणखी घट्ट लागतं.

वर्ग आता रंगात आला आहे, पण त्याचं श्रेय माझ्या कवितांना नाही, एका थपडेला आहे. बोलता बोलता मी सांगून गेलो की आमच्या वेळी दृढीकरण झालं की बिशप गालावर हलकी चापटी मारत. पुढे आयुष्यात ख्रिस्तासाठी काय काय सोसावं लागेल याची ती आठवण. झालं. आठवडाभर पोरं एकमेकांना दृढ करत होती. गोलकीपरचा गाल सुजला. त्याची आई फादरांकडे आली, फादर माझ्याकडे आले. मी वर्गात म्हटलं, चापटी आता बंद झाली आहे. वकील म्हणाला, "मग सोसायचंही बंद झालं का, सर?" मी त्याला खाली बसवलं.

पवित्र आत्म्याची सात दानं पाठ करायची असतात: शहाणपण, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि देवाचं भय. पाढ्यासारखी म्हणून दाखवतात आणि टेबलाखाली पाय हलवतात. तेव्हा मी एक युक्ती केली. चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जे दान आलं, त्यानं आठ दिवसांत ते अंगी असलेला खराखुरा माणूस शोधून आणायचा. आपल्याच रस्त्यावरचा, कामावरचा. संत चालणार नाहीत, संत फार सोपे.

काय सांगू तुला. धैर्यासाठी एकीनं इमारतीच्या बाहेरून काचा पुसणारा माणूस आणला, म्हणजे त्याची मुलाखत आणली. तो म्हणाला होता, "मी खाली बघत नाही, काच बघतो." 'सल्ला' वकिलाला निघाला. तो न्हाव्याकडे जाऊन बसला. म्हणे, दिवसभरात चौदा जणांनी न्हाव्याला सल्ला विचारला आणि न्हाव्यानं एकालाही दिला नाही, नुसतं 'हं' म्हटलं, आणि सगळे समाधानानं गेले. गोलकीपर घड्याळाकडे न बघता हसला.

मुंगीला 'समज' आली होती. ती रिकाम्या हातानं आली. म्हणाली, "अजून सापडला नाही, आजोबा." वर्गातसुद्धा मला आजोबाच म्हणते.

आता पुढची पायरी. आमच्या नव्या बिशपांचा एक नेम आहे. दृढीकरणाआधी प्रत्येक मुलानं त्यांना पत्र लिहायचं: मला हा संस्कार का हवा आहे. ते सगळी पत्रं स्वतः वाचतात, आणि दीड महिना आधी येऊन मुलांशी एकेकट्यानं बोलतात. पत्रलेखन हा तर माझा प्रांत. मी कंबर कसली आहे.

शेजारच्या शिवणकामवाल्या काकू मुंगीच्या धर्ममाता व्हायला तयार आहेत. त्या दिवशी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभं राहायचं, एवढं त्यांचं काम. आईला ते करता येत नाही, नियम आहे.

तुझा मामा

•

२० फेब्रुवारी

मामा,
नमस्कार.

न्हाव्याचं इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. काकूंना माझा नमस्कार सांगा.

मुंगी मला दर आठवड्याला लिहिते, पण त्यात शाळा, मांजर आणि तुमचं घोरणं. दृढीकरणाचं अक्षर नाही. ती बिशपना काय लिहिणार आहे, काही बोलली का?

तुमची भाची

•

१२ मार्च

प्रिय भाची,
अनेक आशीर्वाद.

पत्रं रवाना झाली. अकराच्या अकरा, एका मोठ्या पाकिटात, फादरांच्या शिक्क्यासह.

आधी मुलांनी कच्चं लिहून दिलं. काय अक्षरं ती! एकाचा कागद मी आधी उलटा धरला होता. एकानं मधेच फुटबॉलच्या मैदानाचा नकाशा काढला होता. असं बिशपांच्या हाती कसं द्यायचं? तेव्हा मी थोडं शुद्धलेखन बघितलं, थोडी वाक्यं सरळ केली आणि पक्की प्रत सगळ्यांची मीच लिहून काढली. चार दिवस लागले. टाक वापरला. बऱ्याच वर्षांनी बोटाला शाई लागली आणि त्या वासासरशी आमचे गुरुजी डोळ्यांसमोर उभे राहिले. आमच्या निबंधांच्या वह्या काखेत घेऊन ते नदीच्या काठाकाठानं घरी जायचे, आणि आम्ही लांबून मागे मागे. आपली वही त्यांच्या काखेत आहे, या कल्पनेनंच ऊर भरून यायचा. असो. मुलांनी खाली सह्या केल्या.

मुंगीचंही छान झालं आहे. तुझ्यासाठी एक तुकडा उतरवून ठेवला होता, तो देतो:

"माझे मन एखाद्या निश्चल तळ्यासारखे आहे. वरून काहीच हलत नाही असे वाटते. परंतु पहाटेचा पहिला किरण पडताच त्याच्या तळाशी असलेले खडेही उजळून निघतात. पवित्र आत्मा हाच तो किरण, अशी माझी श्रद्धा आहे."

बिशप २८ तारखेला मुलांशी बोलायला येणार.

तुझा मामा

•

२१ मार्च

मामा,
नमस्कार.

ते पत्र मुंगीचं नाही. 'परंतु' म्हणणारी पोरगी मी जन्माला घातलेली नाही. तिनं काय लिहिलं होतं ते मी विचारत नाही, कारण तिनं ते मला लिहिलेलं नाही. पण तुम्ही ते वाचलं आहे, आणि तरी हे पाठवलं.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. सांगायचीही नव्हती. मी अकरा वर्षांची असताना आई आजारी पडली आणि मला वसतिगृहात ठेवलं होतं. मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. इथे मला झोप लागत नाही, मुली माझी चादर लपवतात, मला घेऊन जा. आठ दिवसांनी तुमचं पाकीट आलं. मी ते न्हाणीघरात जाऊन उघडलं, कारण दार लावता येईल अशी तेवढीच जागा होती. आत माझंच पत्र होतं. लाल शाईनं तपासलेलं. 'मला घेऊन जा' याच्या खाली रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं: 'मोठ्यांना लिहिताना विनंतीची भाषा हवी.' शेवटी शेरा होता: 'भावना चांगल्या व्यक्त झाल्या आहेत. विरामचिन्हांकडे लक्ष द्यावे.'

तुम्ही आला नाहीत. तुमच्या शाळेच्या परीक्षा चालू होत्या, ते मला नंतर कळलं. मी रागावलेली नाही. माझी पत्रं छोटी का असतात, तेवढं फक्त सांगितलं.

तुमची भाची

•

२९ मार्च

प्रिय आई,

हे पत्र मी शाळेत मधल्या सुट्टीत लिहितेय. घरी आजोबा आहेत.

काल बिशप आले होते. मला वाटलं होतं उंच असतील. बुटके आहेत आणि त्यांना सर्दी झाली होती. हॉलच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, एकेकानं जायचं. माझा नंबर नववा. माझ्या आधी जो जाऊन यायचा तो विचित्र तोंड करून यायचा. वकील येऊन हळूच म्हणाला, "ए, आपल्या पत्रात काय होतं गं?"

मी बसले. बिशपनी पत्र उघडलं. म्हणाले, "तू तळ्याबद्दल लिहिलं आहेस. कुठलं तळं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी तळं पाहिलेलं नाही."

ते म्हणाले, "अकरांपैकी सात पत्रांत तळं आहे. दोन पत्रांत झरा आहे. मला वाटलं, इथे पाणी फार असावं."

त्यांनी कागद माझ्याकडे दिला. आई, मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. सही करताना वाचलं नव्हतं, कुणीच वाचलं नव्हतं, आजोबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार म्हणून. त्यात माझं एकही वाक्य नव्हतं. मी म्हटलं, हे माझं नाही. ते म्हणाले, "मग तुझं काय होतं?" पण मला ते तोंडानं सांगता येईना. तोंडानं सांगता आलं असतं तर लिहिलं कशाला असतं. मी उठून बाहेर आले. मागे ते शिंकले.

मी काय लिहिलं होतं ते तुला सांगते. तुला पण माहीत नाहीये. बाबा दवाखान्यात होते तेव्हा मी गुपचूप नोव्हेना धरली होती. नऊ दिवस प्रार्थना करायची असते ना, ती. आठव्या दिवशी दुपारी बाबा गेले. नववा दिवस मी केला नाही. मी बिशपना एवढंच विचारलं होतं की माणूस आठव्या दिवशी गेला तर नववा दिवस करायचा असतो का. आणि केला नाही म्हणून देव रागावलाय, की मीच रागावलेय, हे कसं ओळखायचं. आणि लिहिलं होतं की वर्गात मजा येते आणि आजोबा चांगलं शिकवतात, पण हे विचारायला पुस्तकात जागा नाही म्हणून तुम्हाला विचारते.

आजोबांशी मी बोलत नाहीये. भांडत पण नाहीये. जेवायला वाढते, औषध देते. मी मे महिन्यात उभी राहणार नाही. तुला चालेल का?

मुंगी

•

५ एप्रिल

मुंगीबाई,

मला चालेल. आणि उद्या विचार बदलला तर तेही चालेल.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला येत नाही. तू नोव्हेना धरली होतीस हे मला माहीत नव्हतं. त्या आठ दिवसांत मी तुला रोज ओरडत होते की जेवताना कुठे बघतेस, लक्ष कुठे आहे. आता कळलं कुठे होतं.

आजोबांशी बोल असं मी म्हणणार नाही. औषध मात्र देत राहा. संध्याकाळची गोळी ते उशीखाली ठेवतात, तेवढं बघ.

तुझी आई

•

९ एप्रिल

प्रिय भाची,

तुझं २१ मार्चचं पत्र मला २७ला मिळालं. म्हणजे बिशप यायच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी मी मुंगीला जवळ बसवून सगळं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. मला वाटलं, पत्र सुंदर आहे, बिशप एखादं वाक्य विचारतील, ती हो म्हणेल, वेळ निघून जाईल. तुला लिहिताना खोटं बोलणार नाही. मला असंही वाटलं होतं की माझंच पत्र जास्त चांगलं आहे.

मुंगीनं जे लिहिलं होतं ते तिनं तुला सांगितलं, असं तिनंच मला कळवलं. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आईला सांगितलंय." एवढंच. म्हणून आता त्यावर लिहितो. तो कागद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला भीती वाटली. वाटलं, हे वाचून बिशप म्हणतील की मास्तरांच्या घरच्याच पोरीची ही तयारी. दुसरंही एक वाटलं, ते सांगायला जड जातं. तिनं विचारलेल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि आयुष्यभर मला उत्तर न येणारा प्रश्न मी असाच घालवत आलो. वाक्य दुरुस्त करायचं, की प्रश्न दिसेनासा होतो.

वसतिगृहातलं तुझं पत्र मला आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं. गुरुजींच्या काखेतल्या वह्या आठवतात, कुठल्या इयत्तेत कुठली कविता होती ते पानासकट आठवतं, आणि हे नाही आठवत. ज्याला लागतं त्याच्या लक्षात राहतं, एवढं कळण्याइतकं माझं वय झालं आहे. मी यायला हवं होतं. परीक्षा दुसऱ्या कुणीही घेतल्या असत्या.

आता काय केलं ते सांगतो. मंगळवारी वर्गात उभा राहिलो आणि सांगितलं: मी तुमची पत्रं बदलली, माझं चुकलं. मग वकील म्हणाला, "सर, आम्ही न वाचता सह्या केल्या, ते पण चुकलंच." गोलकीपर म्हणाला, "माझ्या पत्रात तळं चांगलं होतं पण." सगळे हसले, आणि मलाही थोडा श्वास मिळाला. मुंगी हसली नाही. सगळ्यांनी कोरे कागद घेतले, पुन्हा लिहिलं, माझ्यासमोर डिंक लावून पाकिटं बंद केली. एकानं इतका डिंक लावला की पाकीट टेबलाला चिकटलं.

मुंगीनं लिहिलं नाही. "मी एकदा लिहिलंय," म्हणाली. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. त्यावर माझी लाल शाई होती. सवयीनं झालं ते, पहिल्याच वाचनात. मी म्हटलं, यावर खुणा आहेत, तू हवं तर कोऱ्यावर उतरवून दे. ती म्हणाली, "नको. असाच द्या. कुणी काय केलं ते कळू दे त्यांना."

काल मी दोन बसगाड्या बदलून बिशपांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या आणि एक पाण्याचं पिंप. दीड तास बसलो. इतक्या वर्षांत मी कुणाच्या खोलीबाहेर असा बसलो नव्हतो; माझ्या खोलीबाहेर मुलं बसायची. त्यांनी पाकिटं घेतली, मुंगीचा कागद माझ्यासमोरच वाचला. दोनदा वाचला. मग मला म्हणाले, "मास्तर, ही लाल शाई तुमची?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह नाही म्हणून तुम्ही अर्धा गुण कापलात." मी पाहिलं, खरंच समासात अर्धा गुण कापलेला होता. माझ्या ध्यानातही नव्हतं.

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला.

मुंगी अजून बोलत नाही. गोळी मी घेतो, तिच्या समोर.

तुझा मामा

•

२० एप्रिल

मामा,
नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

रजा मागितली होती, मिळाली नाही. त्या दिवशी ती उभी राहो न राहो, काय झालं ते मला तुम्हीच लिहा. जसं झालं तसं. सजवू नका.

तुमची भाची

•

१५ मे

प्रिय भाची,
अनेक आशीर्वाद.

जसं झालं तसं लिहितो.

एप्रिलच्या अखेरीस पोस्टमननं एक पाकीट दिलं. वर मुंगीचं पूर्ण नाव आणि मागे बिशपांच्या घरचा पत्ता. मी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसलो. ती शाळेतून आली, आत गेली. बऱ्याच वेळानं नळ सोडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि पाकीट हातात नव्हतं. म्हणाली, "आजोबा, चहा टाकू का?" महिन्याभरानं तिनं मला हाक मारली. मी टाक म्हटलं.

पत्रात काय होतं, हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. नंतर दोन दिवसांनी मी हळूच म्हटलं, वर्गाला येणार का? ती म्हणाली, "बघू." आणि आली. शेवटच्या तिन्ही वर्गांना आली. वकिलाशी कडाक्याचं भांडली. तो म्हणत होता की देवाचं भय हे दान कसं असू शकतं, भय कुणी भेट देतं का. ती म्हणाली, "तुला कुणाला दुखवायची भीती वाटत नाही, म्हणून तुला कळत नाही." मी फळ्याकडे तोंड केलं. तिथे लिहायला काही नव्हतं.

उभी राहणार की नाही, हे आदल्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं. काकूंनी पांढरा झगा शिवून तयार ठेवला होता. मी त्यांना सांगितलं होतं, खुंटीला लावून ठेवा, घाल म्हणू नका. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, मी चाळीस वर्षं लोकांची मापं घेतेय, मला सांगता?"

रविवारी सकाळी ती झगा घालून बाहेर आली. मी चष्मा शोधण्याचं निमित्त केलं. चष्मा डोळ्यांवरच होता. तिला ते दिसलं, पण बोलली नाही.

चर्च भरलेलं होतं. पुढच्या दोन ओळींत मुलं, त्यांच्या मागे धर्मपिते आणि धर्ममाता. मी खांबाशेजारी बसलो, तिथून अर्धीच वेदी दिसते. मुलं एकेक करून पुढे जात होती. बिशप तेलात अंगठा बुडवायचे, कपाळावर क्रूस काढायचे आणि म्हणायचे, पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकार. मूल म्हणायचं, आमेन. गोलकीपर इतक्या मोठ्यानं म्हणाला की मागे एक तान्हं बाळ रडायला लागलं. वकिलानं या वाक्याला मात्र हरकत घेतली नाही.

मुंगी शेवटची. काकूंचा हात तिच्या खांद्यावर. बिशपांनी अंगठा बुडवला, वर उचलला, आणि थांबले. एरवी ते थांबत नव्हते. तिच्याकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे. त्यांनी काहीतरी विचारलं. ओठ हलले, पण खांबापर्यंत काही आलं नाही. तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला त्या अर्ध्या जागेतून कळलं नाही. अंगठ्यावरचं तेल ओघळून मनगटापर्यंत आलं, तरी ते तसेच. माझ्या शेजारच्या बाईंनी मला कोपर मारलं, मी त्यांच्या अंगावर वाकून बघत होतो म्हणून. मग त्यांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला.

तिनं लगेच आमेन म्हटलं नाही. काकू नंतर म्हणाल्या, खांदा एकदा वर गेला आणि खाली आला. मग ती म्हणाली. हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं, कारण तोवर सगळं चर्च गप्प झालं होतं.

बाहेर फोटो काढले, तुला पाठवतो आहे. त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत. दुसरा काढू म्हटलं तर "राहू द्या" म्हणाली. घरी येताना माझ्या शेजारून चालत होती, झग्याला धूळ लागू नये म्हणून एका हातानं तो उचलून. मी एकदा ते विचारायला तोंड उघडलं होतं. मग विचारलं, पाय दुखतायत का? ती म्हणाली, नाही.

ती का 'हो' म्हणाली, हे तू मला विचारशील. बिशपांनी त्या पत्रात काय लिहिलं होतं, वेदीपाशी काय विचारलं, हेही विचारशील. मला माहीत नाही. तिला विचार, सांगावंसं वाटलं तर ती तुला सांगेल. पत्र तिच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप नाही, आणि मी त्या खोलीत झाडायलाही जात नाही.

तुझा मामा